दलदलीपलीकडचा म्हातारा नर

डरकाळी संपल्यावर नर हरणाच्या तोंडापुढची वाफ विरायला चार सेकंद लागत होते. एफीने तीनदा मोजून पाहिलं. वाऱ्याची झुळूक आली तेव्हा तीन. तिने वहीत लिहिलं: नऊ ऑक्टोबर, सकाळी साडेआठ, मिनिटाला पाच डरकाळ्या. बोटं पेन्सिलीभोवती आहेत हे तिला दिसत होतं, जाणवत नव्हतं. हल्ली बऱ्याच गोष्टींचं तसंच होतं.

शेजारी ओल्या झुडपांत तिचे वडील, टॉर्किल, दुर्बिणीला डोळा लावून पालथे पडले होते. एकतीस वर्षं ते या शिकारीच्या इस्टेटीवर हेच काम करत होते. पाहुण्या शिकाऱ्याला डोंगरावर न्यायचं, उतरणीला लागलेला म्हातारा नर निवडून दाखवायचा, आणि त्याच्या मागे दुसरं काही नाही याची खात्री झाली की 'मार' म्हणायचं. घर त्या कामाबरोबर मिळालेलं. काम गेलं की घर गेलं.

"हा आत्ता ओरडला ना," टॉर्किल म्हणाले, "चार-पाच वर्षांचं पोर आहे. आवाज नुकता फुटलाय. माद्या ढुंकून बघायच्या नाहीत त्याच्याकडे."

"नाहीच बघत."

"मग? कान शाबूत आहेत अजून तुझ्या बापाचे."

कान शाबूतच होते. डोळे दोन वर्षांपासून जात होते. मधोमध धूसर डाग, कडेकडेने थोडंफार दिसायचं. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी चहाच्या डब्यामागे सारली, ती फक्त एफीने वाचली होती. तेव्हापासून ती त्यांच्या डावीकडे पडून कुजबुजायची: शिंगांना बारा फाटे, उजवं शिंग आखूड, तीन माद्या सोडून पलीकडचा. तेच ते पाहुण्याला ऐटीत सांगायचे. ॲबरडीनला प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी आईच्या आजारपणात आली ती राहिलीच, एवढंच गावाला माहीत.

गेल्या गुरुवारी मात्र घोडेवाल्या डुगीच्या, शिकार वाहून आणणाऱ्या घोड्यापाशी तिला खाली थांबावं लागलं. टॉर्किलनी एकट्याने 'मागे मोकळं' म्हटलं. गोळी नरातून आरपार गेली आणि मागच्या मादीच्या पोटात बसली. एफी वर पोचली तेव्हा मादीचं पाडस तिथेच उभं होतं, कान हलवत.

"ऐन वेळी सरकली ती," टॉर्किल म्हणाले. एफीने हो म्हटलं. माद्यांच्या शिकारीला अजून परवानगी नव्हती, म्हणून नोंदवहीत तिने 'लंगडी होती, मारावी लागली' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"उद्या तो बँकेतला साहेब यायचाय," टॉर्किल म्हणाले. "पहिल्यांदाच. म्हणजे नेम असा असणार की डुगीच्या घोड्याने आपली शेपटी सांभाळावी."

एफी हसली. ती हसायची जागा होती.

तेवढ्यात खालून खर्जातली, जड डरकाळी आली. टॉर्किलनी मान नेमकी तिकडे वळवली. "हा! हाच तो. दहाच्या वरचा आहे. शेवटाला दम तुटतोय, ऐक. दलदलीच्या पलीकडे, टेकाडावर."

तो तिथेच होता. चिखलात लोळून काळाकुट्ट झालेला, मानेवरचे केस लडबडलेले, पोट खपाटीला. माजाच्या दिवसांत त्याने चरणं जवळजवळ सोडलंच होतं. तरुण नर त्याच्या बाजूने चालू लागला. दोघं एकमेकांना जोखत वीसेक पावलं गेले, वळले, परत आले. शिंगं भिडली नाहीत. तरुण आपणहून निघून गेला.

"आडवा उभाय," टॉर्किल म्हणाले. शिकारीच्या आदल्या दिवशीची ही बंदुकीविना तालीम ते कधी चुकवत नसत. "खांद्यामागे चार बोटं. मागे मोकळं. मार."

एफीने आपली दुर्बीण किंचित वर घेतली. नराच्या पाठीमागे, ऐंशीएक मीटरवर, उतारावर एक माणूस बसला होता. निळी टोपी. थर्मासचं झाकण फिरवत होता. या दिवसांत हरणं बघायला असे चालत येणारे असतातच.

आता छातीत काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. झालं नाही. माणसाने झाकणात चहा ओतला, फुंकर मारली.

"गप्प का गं? बारा फाटे ना?"

"अकरा."

"बरं, अकरा. लिही. उद्या सातला निघू, वारा असाच राहिला तर वरून उतरू. आणि तू घोडं सांभाळ उद्या, डुगीची पाठ धरलीय."

"बाबा, त्या नराच्या मागे माणूस बसलाय."

टॉर्किलनी डोळ्यावरची दुर्बीण काढली नाही. "हो. बघितला की. लाल जाकीट."

"लाल काही नाहीये तिथे."

टॉर्किलनी दुर्बीण मिटून बाजूला ठेवली. खाली म्हातारा नर दोनदा ओरडला.

"घर जाईल, एफी," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या आईने लावलेलं सगळं..."

"जाईल," ती म्हणाली. "पण उद्या तुम्ही डोंगरावर यायचं नाही. मी आत्ता खाली जाऊन इस्टेटीच्या मॅनेजरना सांगणार आहे, तुम्हाला दिसत नाही म्हणून."