माझ्या पोटावरची लाल रेघ

मी गोराईच्या खाडीतला खुंट बोलतोय. अख्खा समुद्र माझ्या हुकमात आहे! आता खरं सांगतो, हुकूम माझ्या पोटावर रंगवलाय आणि समुद्राला वाचता येत नाही. मलाही जेमतेमच येतं.

जन्माने मी सागाचा. समोरच्या घरातल्या शेवंतीच्या सासऱ्याने होड्या बांधायला मला चिखलात ठोकलं. चाळीस वर्षं दोऱ्यांनी गळा आवळला, पण सोबत होती. मी हळूच एखादी गाठ सैल करायचो. सकाळी होडी पलीकडच्या काठाला! काय शिव्या पडायच्या, मजा यायची.

मग एका संस्थेची माणसं बूट हातात घेऊन आली. म्हणाली, पॅरिसला सगळ्या देशांनी ठरवलंय, जगाचा ताप दीड अंशाहून जास्त वाढू द्यायचा नाही. म्हणून माझ्या पोटावर लाल रेघ, पाण्याने हिच्या वर यायचं नाही. खाली ‘लक्ष्य २०३०’ लिहायचं होतं. मिहिर पेंटर ‘य’ खाऊन गेला. झालं ‘लक्ष २०३०’.

शेवंतीने कमरेवर हात ठेवून वाचलं. "लक्ष? कोणाचं रे?"

"मावशी, टार्गेट म्हणायचंय."

"असं होय! मला वाटलं, तोवर कोणाचं लक्ष नाही."

तिसऱ्या वर्षी उधाणात रेघ बुडाली. मिहिर परत आला आणि रेघ वीतभर वर मारून गेला. झकास! टार्गेट पूर्ण!

ती रेघ मनावर घेतली एकट्या शेवंतीने. पाणी रेघेला टेकलं की ती तांदळाचा डबा माळ्यावर चढवायची. तेवढा उपयोग झाला, नाही कशाला म्हणू?

होड्या आता नव्या जेटीला लागतात. शेजारची घरं रिकामी झाली. यंदा पाणी शेवंतीच्या चुलीपर्यंत गेलं. तिच्या लेकाने, नंदूने, बोरिवलीत चौथ्या मजल्यावर खोली घेतलीय. काल टेम्पो आला. ती माझ्या गळ्यातली शेवटची दोरी सोडायला आली, आणि माझी सगळी मस्करी आटली.

"शेवंते, थांब ना गं," लाटांच्या आवाजात मी म्हटलं. "तू गेलीस तर पाणी कुठवर आलं ते बघणार कोण?"

तिने दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.

"मेल्या, सात वर्षं बघतेच आहे. बघून कधी पाणी थांबलं का?"