सरांनी आणून दिलेले नमुने

खारघरच्या एका रुग्णालयात तीन बायकांचे टाके पिकले आणि संशय दिघ्याच्या कारखान्यातल्या गॉजवर, जखमेवर लावायच्या जाळीदार कापडावर आला. पाकिटांवर ‘निर्जंतुक’ असं छापलेलं होतं. सकाळी अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षक श्रुती कर्णिक येऊन थडकल्या, तेव्हा मालक जयप्रकाश सर प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गीतांजलीला म्हणाले, “गीता, तूच बोल त्यांच्याशी. शास्त्रातलं तुला कळतं.”

गीतांजली बोलली. मुलाच्या, वरदच्या जन्माच्या वेळी तिने मोठी रजा घेतली होती आणि सरांनी तिची जागा तशीच रिकामी ठेवली होती. त्या माणसावर तिच्यासमोर कुणी शिंतोडे उडवणं तिला सहन होणार नव्हतं.

“प्रत्येक लॉट मी तपासलाय. जंतू असले की नळ्यांमधलं द्रावण गढूळ होतं, ते एकदाही झालेलं नाही.”

“नमुने कोण काढतं?”

“सर स्वतः आणून देतात,” ती अभिमानाने म्हणाली. “कामगारांचे हात लागू नयेत म्हणून.”

कर्णिकबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. “माल निर्जंतुक करायचं गॅसचं चेंबर उघडा.”

चेंबर चालवणारा रोहिदास जागचा हलेना.

“उघड की रे,” गीतांजली म्हणाली. “आपल्याला कसली भीती?”

“म्याडम, तुमी बाहेर बसा ना जरा.”

“रोहिदास!”

त्याने मान खाली घालून दार ओढलं. आत पाकिटांचे खोके असायला हवे होते. फळ्यांवर नुसते स्टिकरचे तक्ते पसरले होते. गॅस लागला की स्टिकरवरचा लाल ठिपका हिरवा होतो. तो हिरवा दिसला की डॉक्टर निर्धास्तपणे पाकीट फोडतात. इथे पाकिटाला चिकटण्याआधीच सगळे ठिपके हिरवे झाले होते. कोपऱ्यात तारेची छोटी टोपली होती. नमुने ठेवायला गीतांजलीनेच ती वाशीहून आणली होती. टोपलीत गॉजची मोजकी पाकिटं होती.

म्हणजे सगळ्या मालात गॅस मिळत होता तो फक्त तिच्या नमुन्यांना. तिच्या नळ्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना विचारलंच भलतं जात होतं.

“बाकीचा माल?” तिने विचारलं.

“तसाच जातो, म्याडम. गॅस म्हाग हाय म्हनून सायबांनी सांगितला.”

ती सरांकडे वळली. सर कर्णिकबाईंशी बोलत होते. “मी कॉमर्सचा माणूस. तपासणीची जबाबदारी मॅडमची. त्यांची सही असल्याशिवाय इथून माल हलत नाही.”

मॅडम. इतक्या वर्षांत सरांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

“तुमचं काय म्हणणं?” कर्णिकबाईंनी विचारलं. “नीट विचार करून सांगा. तपासनीस म्हणून तुमची मान्यताही जाऊ शकते.”

“गीता,” सर हळूच म्हणाले, “आपण बसून बोलू. घरचीच माणसं आहोत.”

गीतांजली कर्णिकबाईंकडे वळली. “एकही नमुना मी स्वतः काढलेला नाही,” ती म्हणाली. “कुठून येतात, हे विचारलंही नाही. तसं लिहून घ्या.”

“गोदामातला माल सील करायचाय. त्याआधी नमुने लागतील,” कर्णिकबाई म्हणाल्या.

गीतांजलीने हातमोजे चढवले आणि ती कर्णिकबाईंबरोबर गोदामात गेली. मागून सरांनी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. छतापर्यंत थप्प्या लागल्या होत्या. इतक्या वर्षांत ती इथे फक्त दारापर्यंत आली होती.

रोहिदास वरचा खोका उतरवू लागला.

“तो नको,” ती म्हणाली. “मधल्या थरातला काढ.”