न कळवता येणारे साहेब

"फुकट पैसे हातात पडले की माणूस बिघडतो, मी सांगतो तुला!" तपासनीस साहेबांनी तोंडात घास असतानाच जाहीर केलं.

"आधी गिळा, मग सांगा," बायको म्हणाली.

मंडळी, हा वाद तुमच्याही घरी झाला असेल. शहरातला मोठा कारखाना बंद पडला, पाठोपाठ दुकानं बसली आणि हातावर पोट असलेल्यांचे हाल कुत्रा खाईना. तेव्हा पालिकेने कारखान्यामागच्या गल्लीत एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा पोटापुरती रक्कम. गरीब आहात का, काम शोधता का, घरात काय आहे, काही विचारायचं नाही. मिळणार म्हणजे मिळणार!

त्याआधी मदत मिळायची ती गरिबी सिद्ध केल्यावर, आणि ती तपासायचे आपले हे साहेब. माणूस सरळ, कुणाच्या घरचा चहासुद्धा न घेणारा. पण खाटेखाली वाकणार, पडद्यामागे बघणार, फळीवरचे डबे खाली काढणार. कमाईचं साधन सापडलं की मदत बंद. गल्लीने त्यांचं नावच 'डोकावे' पाडलं होतं. पूर्वी ते कळवून यायचे. मग त्यांनीच वरिष्ठांना सुचवलं, न कळवता जाऊ या, म्हणजे लबाडी पकडता येईल. त्या सूचनेबद्दल त्यांची पाठही थोपटली गेली होती.

आता प्रयोग शहरभर न्यायचा की गुंडाळायचा, हे साहेबांच्या शिफारशीवर ठरणार होतं. गुंडाळला तर गल्ली पुन्हा उघड्यावर पडणार. शहरभर नेला तर घराघरांत डोकावायचं कारणच उरणार नाही. म्हणजे साहेबांची नोकरी जाणार!

"सगळे तंगड्या पसरून बसले असतील बघ," साहेब म्हणाले.

"अहो, तुमचा पाय मोडला तेव्हा तुम्ही भरपगारी घरी होतात. बसलात का स्वस्थ? घरातले सगळे नळ दुरुस्तीसाठी खोलून ठेवलेत. चांगले चालणारेसुद्धा!"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? पगार येणार हे माहीत होतं, म्हणून तुम्हाला नळ सुचले. उद्याच्या जेवणाची धास्ती असती तर छताकडे बघत पडला असतात. धास्तीनं हातपाय हलत नाहीत हो, गार पडतात."

साहेबांना काही हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीत गेले. अर्थातच न कळवता.

आणि वळणावरच थबकले.

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका दारात सुतार रंधा मारत होता आणि लाकडाचा ताजा भुसा उंबऱ्यावर साचला होता. पलीकडे वेल्डरच्या पुढ्यात ठिणग्या उडत होत्या. न्हाव्याने खुर्ची बाहेर मांडली होती, तिच्यात गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून डोळे मिटून बसलं होतं. ठोकण्याचा, घासण्याचा, हाका मारण्याचा, हसण्याचा नुसता गलका चालला होता. साहेबांना ही गल्ली फक्त मुकी माहीत होती.

"एवढं सामान आलं कुठून?" त्यांनी दारात मशीन चालवत बसलेल्या शिलाईवाल्या काकूंना विचारलं. आवाजात संशय होताच.

"येतंय कुठलं! आमचंच आहे. कारखान्याच्या गोदामात लपवलं होतं. रखवालदार भला माणूस, त्यानं ठेवू दिलं."

"लपवलं? कशासाठी?"

काकूंचा पाय थांबला. "मशीन दिसलं की मदत बंद, साहेब. आणि मशीनवर काम कधी असतं, कधी नसतं. लेकीला घेऊन कुणाच्या भरवशावर राहायचं? तुम्ही कळवून यायचात तेव्हा बरं होतं. तेवढा दिवस मशीन गोदामात, दुसऱ्या दिवशी परत घरी. मग तुम्ही कधीही यायला लागलात. काय करणार? सगळ्यांनी सगळं कायमचंच आत टाकलं."

"आणि मग कामं?"

"कामं बंद! हातात कला असून मी हातावर हात ठेवून बसले. लेक विचारायची, आई, तू आळशी आहेस का गं?"

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. अरे देवा! ज्या गल्लीला आपण आळशी म्हणत आलो, तिला आपणच बसवून ठेवलं होतं!

"आता काम मिळालं तर वरकमाई, नाही मिळालं तरी चूल पेटते," काकू म्हणाल्या. "मग लपवायचं कशाला? ज्या दिवशी हे नीट कळलं ना, त्या दिवशी अख्खी गल्ली गोदामाच्या दारात! सामान अक्षरशः मिरवत आणलं आम्ही."

समोरच्या पायरीवर एक गडी घोरत होता. साहेबांनी नुसतं तिकडे पाहिलं.

"तो आधीही झोपायचा," काकू हसल्या. "असतो एखादा. तुमच्या ऑफिसात नाही का?"

साहेबही हसले. मग ते गल्लीतून बघत बघत पुढे निघाले. कुणी हाकत नव्हतं, कुणी पहारा देत नव्हतं, तरी माणसं काम करत होती, गुणगुणत करत होती! एवढी वर्षं घराघरांत डोकावून जे दिसलं नव्हतं, ते आज भर रस्त्यात दिसत होतं, आणि ते पाहून त्यांचे डोळे भरून आले.

दुपारी बैठकीत ते उभे राहिले. "माझी शिफारस आहे, प्रयोग शहरभर न्यावा."

वरिष्ठांनी चष्मा काढला. "अहो, तुमचीच जागा जाईल. मग खाणार काय?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना एकदम हसूच आलं. एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती!

"सर... शहरभर म्हणजे त्यात मीही आलोच की! ती पोटापुरती रक्कम मलाही मिळणार!"

छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून घ्यावं तसं त्यांना झालं. "पुढे काय करीन ते अजून माहीत नाही," ते म्हणाले. "पण काहीतरी करावंसं वाटतंय, सर. भीतीच वाटत नाहीये!"

नागरिकहो, माणसाच्या घरात डोकावून त्याची लायकी कळत नाही. त्याला उद्याच्या भाकरीची हमी द्या, बाजूला व्हा, आणि मग डोळे भरून बघा, तो काय काय करतो ते!