पाळ असलेली बोडी

"मंग मले सांगा, खदानीतलं पाणी तलाव, आन आमची बोडी काहीच नाई?" ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या त्या खोलीत रिनाचा आवाज चढला आणि तसाच खाली बसला.

सकाळपासून हेच चाललं होतं. गावोगावची पोरं-बाया मोबाइलवरच्या नकाशात आपापलं शिवार भरत होती. नकाशा एकच, शब्द मात्र गावागणिक वेगळे. बोडी, म्हणजे धानाच्या शेताजवळचं छोटं तळं, नेमकं कशाला म्हणायचं, हे आज सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. जी बोडी ठरेल तिच्यावर गाव हक्क मागणार. उरलेली जागा पडीक.

"बारमाही पाणी असंन तेच धरायचं, असं लिवू का?" बैठक चालवणाऱ्या दिव्यानीनं विचारलं.

"लिवा ना," गडचांदूरचा अंकुश म्हणाला. "आमच्या जुन्या खदानीत बाराही महिने पाणी राह्यते. खड्डा बुजवाचं वाचलं म्हणून खदानीचा मालक तुमच्या पाया पडंन, ताई."

सगळे हसले. रिनाही हसली, आणि हसता हसताच तिला कळलं, आपण किती दमलोय. बोडी धानाला पाणी पाजते, उन्हाळ्यात रिकामी होते, मग तिच्या तळातला गाळ बैलबंडीत बसून शेतात जातो. रिकामं होणं हेच तिचं काम. हे नकाशाला कसं सांगावं?

"पाण्याले नका पाहू," ती म्हणाली. "पाळ पाहा. मानसानं घातलेली मातीची पाळ असंन तं बोडी. खदानीले कुठी असते पाळ?"

माना डोलल्या.

"आन फुटली असंन तं?" दिव्यानी.

"फुटकी नाई धरायची," अंकुश म्हणाला. "नाईतं खदानवालाबी म्हणंन, माही पाळ वाहून गेली."

रिनाच्या गावच्या बोडीची पाळ मागच्या पुरात खरंच वाहून गेली होती. आता तिथं नुसती खोलगट जागा होती, तण माजलेली. ती बोलली असती तर बोलणं पुन्हा सकाळच्या जागी येऊन सुरू झालं असतं. कदाचित मोडलंही असतं. शेजारच्या गावांच्या कोरड्या बोड्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आपापली पाळ सांभाळून बसलेल्या.

तिनं हात वर केला. मग सगळ्यांनीच केला.

घरी आली तेव्हा दिवस कलला होता. अंगणात सासरा लहानू मासोळीचं जाळं विणत बसला होता.

"ठरलं का वो?"

"ठरलं, मामाजी."

तिनं मोबाइल पुढे धरला. त्यानं नकाशावर आपलं गाव शोधलं.

"आपली कुठी आहे?"

"नाई आली. पाळ पाह्यजे म्हने. मीच म्हटलं तसं."

लहानूनं बोट टेकवलं. नकाशा सरकला, शेजारच्या गावाची बोडी आली, निळी.

"हे तं वाचली ना?"

"हो."

"जेवून घे मंग. उपाशी असशीन."

त्यानं जाळं मांडीवर ओढलं, दोऱ्याची गाठ घातली आणि उरलेल्या दातांत धरून घट्ट आवळली. मग दुसरी.