गुलछडीचे कांदे

"कशाला उकरतंस गं इकरं? कुनाला पुरायचंय?"

हौसाबाई गोठ्यामागं कमरेवर हात ठेवून उभी राहिली की अख्ख्या आळीला ऐकू जाई. तिची धाकटी जाऊ गोदा चैत्राच्या उन्हात कुदळ मारत होती. तिनं मान वर केली नाही.

"गुलछडीचे कांदे लावतंय, जाऊबाय. वसईवरनं, माज्या आयकडून आनलेत."

"फुलं?" हौसाबाई पचकन थुंकली. "दादला मिठागरात तापानं मेला त्याला वरीस नाय झाला, आन हिला फुलं पायजेत! माळनार कुनाला, म्हशीला?"

"कल्यानच्या देवलात इकीन."

"इकते म्हनं! त्वांड बग."

आमच्या ठाकुर्लीत असलं बोलणं ऐकून कुणाचा घास अडत नसे. हौसाबाईचा नवरा काळुराम तर खाटेवरून दात काढत होता. अंगानं दांडगा, मिशीनं दांडगा, अक्कल तेवढी बायकोकडं ठेवायला दिलेली. मेलेल्या भावाची जमीन गिळून बसला होता आणि भावजयीला पोसतो म्हणून गावभर छाती फुगवायचा. राबत होती गोदा, आणि पोसला जात होता हा.

गोदानं काळ्या चिकण मातीत खाडीची रेती आणि कुजलेलं शेण कालवून उंच वाफा केला. कांदे बोटभर खोल, शेंडे वर करून लावले. कोंबड्या उकरतील म्हणून वर बोरीच्या फांद्या अंथरल्या. कामातून आली की मातीत बोट घालून ओल बघायची, आणि लागलं तरच लोटाभर पाणी घालायची. वैशाखात पाती फुटली. हिरवीगार, नाजूक. काळुराम म्हणाला, "गवत झाला गवत! म्हशीला टाक."

आषाढात पाऊस चढला तेव्हा त्यानं गोठ्याची मोरी मुद्दाम वाफ्याकडं फोडली. म्हशीचा मूत आणि पावसाचं पाणी ढोपरभर तुंबलं. गोदा भिजत वाफ्यात उतरली, हातानं चाचपून एकेक कांदा काढला. मऊ पडलेले फेकले, धडके राखेत घोळवून चुलीवरच्या फळीवर सुकत ठेवले. "उघडीप झाली का परत लावीन. हात नका लावू, जाऊबाय, ते खायाचे नायत," एवढंच बोलली आणि लावणीला शेतावर गेली.

घरात खायचा कांदा संपला होता. उसना मागायला शेजारी जायचं तर हौसाबाईचं सगळ्या आळीशी वाकडं. तिनं फळीवरचे चांगले ओंजळभर कांदे चिरले आणि सुकटीच्या कालवणात घातले.

संध्याकाळी नवराबायको दोघं परसात ओकत होती. कडू कालवण दोघांनी ओरपलं कसं, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी पोट खपाटीला गेलेला काळुराम चावडीवर पोचला. "इनं इख घातलं! जमिनीसाठी आमाला मारतंय!"

गोदा चिखलानं भरलेल्या लुगड्यानिशी उभी होती. "मी शेतान होती. चूल कुनी पेटवली? कांदे कुनी चिरले? इचारा."

धोंडीबा पाटलानं हौसाबाईकडं बघितलं. हौसाबाई जमिनीकडं बघत राहिली. साऱ्या पंचांना कळलं काय ते. पण काळुरामची ताडी पिऊनच पाटलाची संध्याकाळ जायची. तो खाकरला.

"चुकी कुनाची ते ऱ्हाऊ दे. इखाचे कांदे गावान नकोत. आजच्या आज शिवंबाहेर टाक."

एवढ्या मिशा जमल्या होत्या, साऱ्या पाटलाच्या मानेबरोबर हलल्या.

"टाकतंय," गोदा म्हणाली.

उरलेले कांदे टोपलीत भरले, वर दुसरं लुगडं नि कोयता ठेवला, आणि ती शिवेबाहेर गेली. गेली ती गेलीच. शिवेपलीकडं आगगाडीचं फाटक होतं. फाटकवाल्याची बायको सुमती घाटावरची. तिनं खोपटामागची उंच जागा दाखवली. "हितं लाव की. पानी ठरत न्हाई. माझा बी हात लागंल."

श्रावणातल्या उघडिपीत दोघींनी वाफा घातला. सुमतीनं शेळीच्या लेंड्या दिल्या, गोदानं चर खणला. पुन्हा पाती आली, पातीतून दांडे आले, आणि भात पिवळं पडायच्या सुमारास कळ्या फुटल्या. गोदा पहाटे दांडे कापून कल्याणला नेऊ लागली. देवळापुढची माळीण तिची वाट बघत बसायची.

इकडं भात आडवं व्हायला आलं. काळुरामच्या शेतावर कापणीला माणूस मिळेना. हौसाबाईचं तोंड ऐकायला कोण जाणार? शेवटी एका सकाळी तो स्वतः फाटकाकडं आला. गोदा वाफ्याच्या कडेला जुन्या कांद्यांना फुटलेली नवी पिलं वेगळी करत बसली होती.

"चल घरा," तो म्हणाला. "झाला ते झाला. मी मनावर नाय घेत. कापनी खोळंबलीय. हौसा पन काय बोलनार नाय तुला."

गोदा माती चाळत राहिली.

"आगं, मोठा दीर दारान आलाय! काय बोलशील का नाय?"

तेव्हा तिनं मान वर केली. त्याच्या तोंडाकडं नव्हे, पायांकडं बघितलं.

"भावजी, वाफ्यातनं पाय काढा."