एका वेळी एकच त्रुटी

"अर्जदाराची सही चुकीच्या रकान्यात," असं लाल शाईने लिहून लिपिकाने अर्ज खिडकीतून परत सरकवला. "पुढचा!"

त्या अर्जात आणखी दोन चुका त्याला दिसल्या होत्या. पण कार्यालयाची रीत अशी की एका वेळी एकच त्रुटी दाखवायची. परत गेलेला अर्ज महिन्याच्या तक्त्यात 'निकाली' धरला जाई. तोच अर्ज चारदा परत गेला की निकाली चार. तीन वर्षं तक्त्यात त्याचं नाव पहिलं होतं. वर बघण्यात वेळ जातो म्हणून तो वर बघत नसे. कार्यालय माणूस पाहत नाही, कागद पाहतं, असं त्याने पदवीच्या परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

ठेकेदार बाजूच्या दाराने आत आला. त्याच्या अर्जात सहा चुका निघाल्या. "बसा हो, मी करून टाकतो," म्हणत लिपिकाने सहाही आपल्या हाताने दुरुस्त केल्या आणि त्याला अधिकाऱ्यांच्या खोलीत पोचवलं. नियम सगळ्यांना सारखाच होता. काहींना तो बसून पाळता येई, इतकंच.

तेवढ्यात शिपाई मघाचा अर्ज घेऊन आला. "बाहेर एक म्हातारी आहे. नवरा वारला, खोली नावावर करायचीय. आजची शेवटची तारीख, उद्या कुलूप लावणार म्हणे. सही नक्की कुठं करू, विचारतेय."

लिपिकाने पहिल्यांदाच अर्जावरचं नाव वाचलं. मावशीच्या नवऱ्याचं. खाली चार लाल शेरे, चार तारखा, अक्षर त्याचंच. नोकरी लागेपर्यंत तो त्याच खोलीत वाढला होता. काका गेल्यावर त्याने रजा मिळत नसल्याचा निरोप पाठवला होता.

तो बाहेर धावला.

"मावशी! अगं, हाक नाही का मारायचीस?"

"मारली की. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"तू म्हणालास, पुढचा." ती ओशाळून हसली. "म्हटलं, चारचौघांत नको असेल ओळख. माझंच चुकलं."

अर्ज भिंतीला टेकवून लिपिकाने उरलेल्या चुका स्वतः नीट केल्या, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं आणि तिला हाताला धरून अधिकाऱ्यांकडे नेलं. ठेकेदार तिथे चहा पीत होता.

अधिकाऱ्यांनी सही केली. मग तिच्या झिजलेल्या चपलांकडे बघत विचारलं, "या कोण?"

ठेकेदारानेही कप खाली ठेवून बघितलं.

"ओळखीच्या आहेत," लिपिक म्हणाला. "आमच्याकडे कामाला होत्या पूर्वी."

मावशीने त्याच्या हातातला हात हळूच सोडवून घेतला.

"हो साहेब," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "यांच्या घरी होते मी. लहानपणापासून बघितलंय यांना. फार चांगले आहेत हो."

कागद छातीशी धरून ती निघाली. लिपिक तिच्यामागे जिन्यापर्यंत गेला. गुडघे दुखत असल्याने ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. तिला हाक मारायची म्हणून त्याने तोंड उघडलं. जिन्यात शिपाई उभा होता.

"सांभाळून उतरा, बाई," लिपिक म्हणाला.