पाच गोळे

जगातली एकही भिंत सरळ नसते, हे आधी ऐकून घ्या. तुमच्या घरातलीही नाही. डोळ्यांना दिसते सरळ, कारण डोळे भोळे असतात. सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टेकवली की तिचं खरं रूप कळतं. कुठे पोट सुटलेलं असतं, कुठे खळगा पडलेला असतो. अशा भिंतीवर टाइल्स लावायच्या तर आधी गिलावा करून ती सपाट करायची, गिलावा नीट वाळू द्यायचा आणि मग दातेरी थापीने सगळीकडे चिकटवायचं केमिकल पसरून टाइल दाबून बसवायची. मागे बोटभरही पोकळी राहू द्यायची नाही. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक असते. दुसरीही एक ठाऊक असते, पण ती गिऱ्हाईक चहा प्यायला गेलं की मग करायची. टाइलच्या पाठीवर केमिकलचे पाच गोळे ठेवायचे, चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक, आणि पट्टी सांगेल तेवढीच टाइल आत दाबायची. भिंत कितीही वाकडी असो, वरून सगळं आरशासारखं सपाट दिसतं. मागे नुसती हवा असते.

आपले मिस्त्री या पाच गोळ्यांना शिव्या घालण्यात सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्याच्या कामावर गेले की बोटाच्या पेराने टाइल वाजवून बघायचे आणि पोकळ वाजली की त्या माणसाचा उद्धार करायचे. पाठीमागे लोक त्यांना ओळंबा म्हणत, आणि तेही त्यांना मनातून आवडायचं. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी स्वतः पाच गोळे फक्त दोनदा वापरले होते. दोन्ही वेळा मागच्या वर्षी, महिन्याभराच्या अंतराने. त्यातली दुसरी वेळ शिंप्याच्या बाथरूमची.

त्या शिंप्याचा सकाळी नऊला फोन आला. तुमची एक टाइल खाली उतरलीय, जरा येऊन जा, एवढंच म्हणाला. शिंपी तसा थट्टेखोर माणूस. मिस्त्रींना वाटलं, खालची एखादी कड सुटली असेल, दहा मिनिटांचं काम. गेले तर बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन फूट बाय चार फुटांची अख्खी टाइल, पंधरा किलोची, छातीच्या उंचीवरून सुटली होती. खाली प्लास्टिकची बादली होती ती भोपळा चिरावा तशी उभी चिरली होती. शिंप्याने सांगितलं की बादली भरून तो अंघोळीला बसणारच होता, तेवढ्यात टॉवेल राहिला म्हणून बाहेर गेला. विसराळूपणावरून बायको रोज डोकं खाते, आजपासून बोलायची नाही, असं म्हणून तो हसलासुद्धा.

मिस्त्री हसले नाहीत. टाइलचा मोठा तुकडा त्यांनी उलटा केला. पाठीवर गोळ्यांचे चट्टे होते, भिंतीपासून अलगद सुटून आलेले. त्यांनी शेजारची टाइल वाजवली. ढब. तिच्या शेजारची. ढब. गरम पाण्याची वाफ वर्षभर खाऊन एकेक गोळ्याने भिंत सोडली होती. इथे भिंतीला खळगा होता अर्ध्या इंचाचा.

लेकीच्या घरी सव्वा इंचाचा होता.

सव्वा इंच खळगा म्हणजे गोळेही तेवढेच जाड. जाड गोळा आतून नीट वाळत नाही, आणि सुटला की आधी कुणाला सांगत नाही. शिवाय लेकीचं काम शिंप्याच्या आधीचं, म्हणजे आणखी महिनाभर जुनं. शिंप्याची सुटली, तर ती का नाही सुटणार? त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. साडेदहाला टिल्लीची अंघोळ.

टिल्ली म्हणजे त्यांची नात, अकरा महिन्यांची, दोन दातांची. सगळ्या घराला तिच्या अंघोळीची वेळ पाठ होती, कारण त्या वेळेत तिची आई फोन उचलायची नाही. बाथरूमच्या मागच्या भिंतीला टेकवून निळा टब ठेवायचा, त्यात टिल्लीला बसवायचं. तिच्या डोक्यावर पार छतापर्यंत आजोबांच्या हातच्या टाइल्स.

शिंप्याला बाथरूमला कडी लावायला सांगून, नंतर येतो असं पुटपुटत मिस्त्री जिना उतरले. उतरता उतरता लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जावयाला लावावा असं मनात आलं आणि बोट तिथेच थांबलं. काय सांगणार त्याला? तुझ्या घरात मी काय करून ठेवलंय ते? स्कूटर दोन लाथांत सुरू व्हायची, ती आज पाच घेऊन बसली.

खरं सांगायचं तर तेव्हा ती लबाडी गरज म्हणूनच केली होती. लेकीचा आठवा महिना सरत आलेला, बाथरूम उखडून पडलेलं, आणि बाळ यायच्या आत घर आवरलेलं हवं म्हणून ती कावरीबावरी झालेली. गिलावा करून वाळायची वाट पाहायची तर दोन आठवडे गेले असते. मिस्त्रींनी चार दिवसांत भिंत उभी करून दिली. काय भिंत झाली म्हणून सांगू. जावई तर तिच्यावर इतका खूश की येणाऱ्या-जाणाऱ्याला बाथरूममध्ये नेऊन, मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून, तिरपा उजेड पाडून दाखवायचा. कुठे सावली दिसते का बघा म्हणायचा. आमच्या सासऱ्यांचं काम आहे. मिस्त्री तिथे असले की मान खाली घालून ऐकून घ्यायचे, आणि पाच गोळ्यांची गोष्ट हळूहळू त्यांनी स्वतःपासूनही लपवून टाकली होती. कुणाला कळलं नाही, म्हणून तर महिन्याने शिंप्याकडेही हात चटावला.

चौकात सिग्नल लाल झाला. मिस्त्रींनी पुन्हा फोन लावला. दहा सतरा. वाजत राहिला. डोळ्यांसमोर ती चिरलेली बादली येत होती, आणि बादलीच्या जागी काय येत होतं ते त्यांना बघवत नव्हतं. देवा, आजच्या दिवस तिला झोप लागू दे, असं ते मोठ्याने म्हणाले. शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

आणि लाज अशी की एवढ्या भीतीतही डोकं दुसरंच शिजवत होतं. लेकीला काय सांगायचं? भिंतीला ओल आलीय म्हणावं. वरच्या मजल्याचा नळ गळतो म्हणावं. टाइल्सची खेपच खराब निघाली, कंपनीशी बोलतो म्हणावं. नातीच्या जिवावर बेतलंय आणि आपण स्वतःचं नाक वाचवतोय, हे त्यांना कळत होतं. तरी ते थांबत नव्हतं.

दहा एकतीसला त्यांनी स्कूटर कशीतरी भिंतीला टेकवली आणि दोन जिने धापा टाकत चढले. बेल दाबली, वर दारही बडवलं. लेकीने दार उघडलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

टिल्ली कुठाय म्हणून त्यांनी विचारलं. अंघोळ चाललीय, असं ती म्हणाली आणि लगेच आत वळली, कारण पोरीला एकटं सोडून आली होती. पुढचं मिस्त्रींनी ऐकलंच नाही. चपला तशाच पायात, तिला बाजूला सारून ते बाथरूमकडे धावले आणि दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. टब नव्हता. फरशी कोरडी होती. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आणि टिल्लीचं खिदळणं स्वयंपाकघरातून येत होतं. मिस्त्रींना त्याचा अर्थ लागला नाही, एवढंच कळलं की पोरगी इथे नाही. हात सवयीचा, तो आपसूक भिंतीकडे गेला. पेराने वाजवलं. ढब. त्याच्या वर, ढब. छातीच्या उंचीवरची मधली टाइल वाजवली आणि ती बोटाखाली हलली.

हलली म्हणजे खरंच हलली. भोवतीच्या सांध्यात भरलेल्या ग्राउटमध्ये केसाएवढी चीर चारही बाजूंनी फिरली होती. वरची कड सुताभर पुढे आली. मिस्त्रींनी दोन्ही तळवे टाइलवर दाबले आणि तसेच उभे राहिले. हात काढले तर ती पायांवर येणार, आणि तिच्या आधारावर असलेली वरची डोक्यावर येणार. हत्यारांची पिशवी खाली स्कूटरला. तीस वर्षांत उंच परांचीवरून ते कधी घाबरले नव्हते. आता मात्र घामाने तळवे निसटायला लागले आणि त्यांची पाचावर धारण बसली.

लेक दारात आली. कडेवर टॉवेलात गुंडाळलेली टिल्ली. आजोबांना बघून तिने हात पुढे केले.

"आत येऊ नकोस," मिस्त्री म्हणाले. "तिला लांब घेऊन जा."

लेकीने टिल्लीला बाहेरच्या खोलीत पाळण्यात ठेवलं आणि परत आली. तोवर मिस्त्रींनी तोंडात तयार ठेवलेलं बाहेर काढलं. वरच्या मजल्याचा नळ गळतोय बहुतेक, भिंतीत ओल उतरलीय, म्हणून टाइल सैल झाली, असं ते भिंतीकडे तोंड करूनच बोलत राहिले. लेक आत आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि आपले दोन्ही हात टाइलच्या खालच्या कडेला लावले. ती कड कशी पेलायची हे तिला सांगावं लागलं नाही. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या कामावर यायची, पेराने टाइल्स वाजवत भिंतीभिंतीने फिरायची.

"मी धरते. तुम्ही वरून सोडा, हळूहळू," ती म्हणाली.

दोघांनी मिळून ती उतरवली. केवढं वजन होतं तिचं. खाली उभी करून ठेवताना तिची पाठ दोघांनाही दिसली. वरची टाइल कुरकुरली, पण शेजारच्या ग्राउटला धरून राहिली. मिस्त्रींनी लेकीला हाताला धरून मागे, दारापर्यंत ओढलं.

"नळबिळ काही गळत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "पोकळ वाजते ते मला माहितीय. पाच-सहा महिने झाले."

सांगितलं का नाहीस, असं मिस्त्रींनी विचारलं.

"कसं सांगायचं? तुम्ही आलात की पहिल्यांदा इथे येता, भिंतीवरून हात फिरवता, मग चहाला बसता. मला तोंडच उघडता आलं नाही. टिल्लीला मी तेव्हापासून स्वयंपाकघरातच अंघोळ घालते. ह्यांची बादली दाराशी ठेवते. मागच्या कोपऱ्यात पाणी साचतं म्हणून सांगितलंय."

आणि तू, असं मिस्त्रींनी विचारलं. तुझी अंघोळ?

तिने मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. नळ तिथेच होता, त्याच भिंतीला लागून. दाराजवळ आधीच नवऱ्याची बादली, शिवाय तिला केस धुवायला वाहतं पाणी लागायचं. अंग चोरून, कडेला उभी राहते, म्हणाली. लवकर आटपते. काही होत नाही.

मिस्त्री दाराच्या चौकटीत मटकन खाली बसले. सबंध रस्ता ते नातीसाठी मरत आले होते. देवाजवळ तिची झोप मागितली होती, तिच्यासाठी सिग्नलला रडकुंडीला आले होते. स्वतःची लेक रोज सकाळी त्या भिंतीखाली उभी राहते, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आणि ती तिथे उभी राहत होती ती त्यांना वाईट वाटू नये म्हणून. आता त्यांना खरी भीती वाटली, सहा महिन्यांची, एकदम.

पाळण्यातून टिल्लीने हाक मारल्यासारखा आवाज केला. लेक तिकडे जायला निघाली, तेव्हा मिस्त्रींनी तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"जावईबापूंना फोन लाव," ते म्हणाले. "मीच बोलतो त्यांच्याशी."

मी सांगते त्यांना संध्याकाळी, तुम्ही कशाला, असं ती म्हणाली. ओल आली होती म्हणून सांगू. त्यांना काय कळतंय त्यातलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "लाव."

तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. हात इतके थरथरत होते की तो कानाला धरता येईना, म्हणून तिनेच खाली बसून तो त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे जावयाचा आवाज आला, नेहमीसारखा हसरा. मिस्त्रींनी आधी त्याला कुठे आहात म्हणून विचारलं, मग बसून घ्यायला सांगितलं, आणि पाच गोळे कसे ठेवतात ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.